शुक्रवारचा जोडीदार

जीवन राजाध्यक्ष आमच्या घरी तीनदा जेवलाय. एकदा जिताड्याचं कालवण, एकदा कोलंबीचा रस्सा, आणि एकदा त्याची संकष्टी होती म्हणून आईने पहाटे उठून वेगळी भांडी घासून साबुदाणा केला होता. हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढे मी त्याचं जे केलं ते ऐकून तुम्ही म्हणाल, करिष्मा, बाई, जरा जास्तच झालं. मुळीच नाही. माझ्या मते कमीच झालं.

मी करिष्मा तरे. भिवंडीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, राहते कामतघरला. घराच्या तीन बाजूंना कापडाचे लूम आणि मागे सायझिंग, म्हणजे सुताला खळ लावायचे कारखाने, त्यांच्या भट्ट्यांची धुराडी. चोवीस तास खटखट. पाहुणे विचारतात, तुम्हाला झोप कशी लागते? अहो, खटखट थांबली की जाग येते आम्हाला.

एमएस्सीला जीवन माझा सर होता. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत तो ताऱ्यांवर संशोधन करतो. त्या काळात आबांनी दापोड्याची जमीन गोडाऊनला दिली होती, हे कुठून तरी त्याला कळलं. तेव्हापासून वर्गात मी त्याची ‘गोडाऊनवाली’. “काय गोडाऊनवाली, गणित जमतंय की ट्रक मोजायला जाणार?” सगळा वर्ग हसायचा. मीही हसायचे, तेव्हा अक्कल नव्हती.

पण आबा हसले नाहीत. त्यांनी पहिल्या भाड्यातून मला दुर्बीण घेऊन दिली, आणि तीही साधी नव्हे. कॅमेरा लावायची, ताऱ्यामागे आपोआप फिरणारी. गच्चीवर पत्र्याची खोली बांधली, तिचं छप्पर सरकतं. गावातले म्हणायचे, महादू तरे पोरीच्या नादाने येडा झाला. आबा गेले त्याला सहा वर्षं झाली. दुर्बीण मी एकही मोकळी रात्र रिकामी ठेवली नाही.

आता माझं काम सांगते, कठीण काही नाही. तारा म्हातारा झाला की फुगतो, तांबडा होतो, पूर्वीच्या दहा-वीस पट मोठा होतो. कधीकधी त्याच्या अगदी जवळून दुसरा एखादा लहान तारा फिरत असतो. म्हाताऱ्याच्या उजेडात तो वेगळा दिसत नाही. मग त्याला पकडायचं कसं? म्हाताऱ्यावरूनच. तो लहानगा इतका जवळ असतो की त्याच्या ओढीने म्हातारा गोल राहत नाही, लांबट होतो. भाकरीच्या पिठाचा गोळा दोन तळव्यांत दाबला की होतो, तसा. आडवा दिसला की जरा उजळ, टोकाकडून दिसला की जरा मंद. म्हणजे एका फेरीत दोनदा मंद. रोज उजेड मोजत राहायचं, आणि ही लय सापडली की समजायचं, कुणीतरी आहे.

उजेड मोजायचा तो शेजारच्या चार ताऱ्यांशी तुलना करून. हवा धुरकट असली तर पाचही जण सारखेच मंदावतात, फरक तेवढाच राहतो. असं पुस्तकात लिहिलंय.

मी वृषभ राशीतला एक म्हातारा घेतला. त्याला नाव नाही, नुसता नंबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चार महिने मोजला. मार्चमध्ये सगळे ठिपके एकत्र मांडले. लय होती! जवळजवळ चौदा दिवसांची फेरी, तीत दोनदा मंद. चौदा दिवसांत फिरणारा, म्हाताऱ्याच्या अंगाला जवळजवळ चिकटलेला जोडीदार. मी धावत खाली गेले, आईला मिठी मारली.

“सापडला गं! माझा तारा एकटा न्हाय!”

“कोन हाय त्याच्यासंगती?” आईने विचारलं. कमळाबाई तरे शाळेत गेलेली नाही, पण नेमका प्रश्न विचारते.

त्या आनंदात मी गाढवपणा केला. सगळे आकडे जीवनसरांना मेल केले. म्हटलं, मोठा माणूस आहे, तपासून देईल. आठ दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. ‘यात काही नाही, नुसता कचरा आहे. दुसरा छंद शोध.’ मी रडले, पण त्याचं म्हणणं मानलं. आणि तो म्हातारा बाजूला ठेवून दिला.

डिसेंबरात पेपरात बातमी आली. मुंबईच्या शास्त्रज्ञाने म्हाताऱ्या ताऱ्याचा छुपा जोडीदार शोधला, फेरी चौदा दिवस. खाली जीवनचा फोटो, हाताची घडी घालून. संस्थेच्या डोंगरावरच्या दुर्बिणीतून म्हणे त्याने चार महिने निरीक्षणं केली. मी मूळ निबंध मिळवला. माझा तारा, माझेच चार शेजारी, माझ्याच तारखा. तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला चहाचा कप मी भिंतीवर फेकला, डाग अजून तिथेच आहे.

संस्थेला पत्र लिहिलं, मेलची प्रत जोडली. उत्तर फार गोड होतं. एकच तारा दोघांनी बघणं स्वाभाविक आहे, आकडे तंतोतंत जुळत नाहीत, डॉ. राजाध्यक्षांची निरीक्षणं स्वतंत्र आहेत. आणि जुळणार कसे? त्या माणसाने प्रत्येक आकड्याचे शेवटचे दोन अंक बदलले होते! चोराने घर धुऊन नेलं, वर फरशीही पुसून ठेवली.

महिनाभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. वर्गात शिकवताना खडू मोडायचे. मला त्या जोडीदारावर माझं नाव हवं होतं. आबांनी जमिनीच्या भाड्याची दुर्बीण केली ती कशासाठी, सांगा? कुठेतरी छापलेलं असावं, हा जोडीदार कामतघरच्या करिष्मा महादू तरेने पकडला. बस, एवढंच हवं होतं मला.

जानेवारीतली गोष्ट. सकाळी दहाचा सुमार, मी गच्चीवर कॉलेजच्या वह्या तपासत बसले होते. आई बादली घेऊन वर आली आणि पांढऱ्या चादरी दोरीवर टाकायला लागली. मग पापड घातले, मग सुकट पसरली.

“आई, काल ऊन चांगलं होतं की. कालच का नाही टाकलंस?”

“काल?” आई माझ्याकडे बघून हसली. “काल गुरवार. गुरवारी चादर टाकली तर संध्याकालपर्यंत काली व्हईल ना गो बाय. आज शुक्रवार, भट्ट्या बंद, लूम बंद. आख्ख्या कामतघरच्या बाया शुक्रवारीच पांढरी कापरं टाकतान. तुना इतक्या वरसांत ठाव न्हाय?”

ठाऊक होतं हो! जन्मापासून ठाऊक होतं. भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि मी, फिजिक्सची बाई, चार महिने आकाश मोजलं आणि वहीत तारखा लिहिल्या, वार लिहिलेच नाहीत. ताऱ्यांची माणसं दिवस मोजतात ते एकापुढे एक नुसत्या आकड्यांत. त्यात सोमवार नसतो, शुक्रवार नसतो.

वह्या तिथेच टाकल्या आणि खाली जाऊन जुनं कॅलेंडर काढलं. म्हातारा ज्या ज्या दिवशी मंद, त्या त्या तारखेवर पेन्सिलीने गोल करत गेले. शुक्रवार. शुक्रवार. शुक्रवार. एखादा शनिवार. पुन्हा शुक्रवार. फक्त जानेवारीत सलग दहा गोल आले, ते मात्र कळेनात.

पुस्तकातल्या पुढच्याच पानावर हेही लिहिलंय, पण मी ते हलक्यात घेतलं होतं: धूर निळा उजेड जास्त अडवतो, तांबडा कमी. माझे चारही शेजारी निळसर पांढरे, आणि म्हातारा तांबडा. शुक्रवारी भट्ट्या थंड झाल्या, हवा निवळली, की शेजारी चांगले उजळायचे आणि म्हातारा जेमतेम. तुलनेत तो मंद दिसायचा, दर सात दिवसांनी. दोन शुक्रवारांची मिळून मी एक फेरी केली होती.

जोडीदार नव्हताच. तो भिवंडीचा शुक्रवार होता.

मी जमिनीवर बसून मोठ्याने रडले. पुसून टाकण्यासारखं रडणं नव्हतं ते. आबांची दुर्बीण, चार महिने, माझं नाव, सगळं सायझिंगच्या धुरात गेलं होतं. आई वरून धावत आली. तिला म्हटलं, डोकं दुखतंय.

आणि मग रडता रडताच मला हसू फुटलं. कारण आता मला दिसलं की त्या जीवनने नुसते माझे आकडे चोरले नव्हते. त्यांच्यासोबत तो आमचा शुक्रवारही उचलून घेऊन गेला होता, आणि आपल्या डोंगरावर नेऊन ठेवला होता. शेवटचे दोन अंक बदलले, वार कसा बदलणार? मी त्याचा निबंध पुन्हा उघडला. तळटीप होती: जानेवारीतल्या दहा रात्रींची निरीक्षणं उपकरणातल्या बिघाडामुळे वगळली आहेत. नऊ तारखेपासून अठरापर्यंत. अरे वा रे वा! सुताचे भाव चढले म्हणून मागच्या वर्षी मालकांनी भिवंडीत लूम आणि भट्ट्या बंद ठेवल्या होत्या, ते हेच दहा दिवस. दहाही दिवस हवा स्वच्छ, दहाही दिवस म्हातारा मंद. लयीत बसेनात म्हणून त्याने ते फेकून दिले होते.

आता त्याची मान माझ्या हातात होती. एकच अडचण होती. तारा माझ्या गच्चीवरून चोरलाय हे दाखवायचं, तर आधी जोडीदार खोटा आहे हे दाखवायला लागणार. चोर पकडायचा तर माझा शोध मीच मारायचा. दोन्ही एकदम मिळणार नव्हतं.

संस्थेला दुसरं पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. पुन्हा गोड उत्तर येईल, आणि त्याला सावध व्हायला वेळ मिळेल. मला तो माणसांसमोर हवा होता.

देव पावला म्हणा. आमच्या प्रिन्सिपल मृणाली मॅडमना विज्ञान दिनाला मोठा पाहुणा हवा होता. पेपरातली बातमी वाचून त्यांनी जीवनलाच बोलावलं. “तुझे सर ना गं ते? मग आभारप्रदर्शन तूच कर.” मॅडमना आमचं भांडण माहीत नव्हतं. मी म्हटलं, “आनंदाने करीन, मॅडम.” इतक्या आनंदाने आभाराला आजवर कुणी हो म्हटलं नसेल.

अठ्ठावीस फेब्रुवारी, वार शुक्रवार. कार्यक्रमाआधी मॅडमच्या केबिनमध्ये चहा होता. मॅडम हॉलकडे गेल्या आणि आम्ही दोघेच उरलो. जीवनने समोसा संपवला, हात पुसले.

“करिष्मा, ते पत्रबित्र कशाला लिहिलंस? आपण घरची माणसं. तुझ्या आईच्या हातचं जेवलोय मी.”

“तीनदा, सर.”

“हे बघ, त्या निबंधाची सुधारित आवृत्ती निघतेय. त्यात तुझं नाव घालतो, माझ्यानंतर लगेच. तरे, के. एम. कसं वाटतं? तू फक्त तक्रार मागे घे.”

खोटं नाही बोलणार, मोह झाला. तरे, के. एम. तो एम म्हणजे महादू. आई पहिल्या रांगेत जरीची साडी नेसून बसली होती, साऱ्या गल्लीला सांगून आली होती की आज पोरीच्या ताऱ्यावर भाषण आहे. मी नुसतं ‘बरं’ म्हटलं असतं तर संध्याकाळी पेढे वाटता आले असते. आणि शुक्रवारची गोष्ट जगात फक्त मला माहीत होती. तोंड शिवून बसले असते तर कदाचित कुणाला कधीच कळलं नसतं.

“दुसरं नाव का?” मी विचारलं. “पहिलं का नाही?”

तो मनापासून हसला. “गोडाऊनवाली, भाव करायची सवय काही गेली नाही तुझी.”

झालं. जे काही डळमळत होतं ते तिथेच बसलं. मी म्हटलं, “सर, आधी भाषण होऊ दे. मग बोलू.”

भाषण झकास झालं, त्यात वाद नाही. बोलायला तो पटाईत आहे. म्हाताऱ्या ताऱ्याला लांबट करणारा अदृश्य जोडीदार, चौदा दिवसांची फेरी, डोंगरावरच्या थंडीत केलेली जागरणं. पोरं टाळ्या वाजवत होती. आईसुद्धा टाळ्या वाजवत होती, ते मला बघवेना.

मग मी माइक घेतला.

“आदरणीय सरांचे आभार मानण्याआधी एकदोन शंका विचारते. सर, ही सगळी निरीक्षणं तुमच्या डोंगरावरचीच ना?”

“अर्थात.”

“तिथे आसपास कारखाने? धूर?”

“छे!” तो माइककडे झुकला. “पन्नास किलोमीटरात एक चिमणी नाही. म्हणून तर डोंगर निवडला.”

“मग सर, तुमच्या डोंगरावर शुक्रवारी काय बंद असतं?”

त्याला कळलंच नाही. तो हसत मॅडमकडे बघायला लागला. मी त्याचाच आलेख पडद्यावर लावला, त्याच्याच निबंधातला. तारखांखाली फक्त वार लिहून आणले होते, लाल रंगात. तारा मंद, शुक्रवार. तारा मंद, शुक्रवार. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

“पोरांनो, आज वार कोणता?”

“शुक्रवार!”

“लूम?”

“बंद!” तीनशे पोरं ओरडली. मागून एक जण म्हणाला, “मॅडम, आज तो पूरी भिवंडी की छुट्टी है!”

“बरोबर. भिवंडीची सुट्टी. आज भट्ट्या थंड, हवा साफ, आणि हवा साफ झाली की तांबडा तारा शेजाऱ्यांपुढे मंद दिसतो. हे इथल्या आकाशात होतं. सरांच्या डोंगरावर कसं होईल? तिथे ना लूम, ना सायझिंग. आणि या दहा रात्री सरांनी वगळल्यात, नऊ ते अठरा जानेवारी. मागच्या वर्षी तेव्हा काय होतं, सांगा बरं?”

“बंद होता, बंद!” लूमवाल्यांची पोरं होती ती, ते दहा दिवस त्यांच्या घरात कसे गेले ते विसरतील का?

“म्हणजे सर, तुमच्या डोंगरावर भिवंडीचा बंदही पाळला जातो.”

आधी हशा झाला. मग हळूहळू शांत झालं. जीवनचा चेहरा खळीत बुडवलेल्या सुतासारखा पांढरा पडला होता. तो म्हणाला, “हा योगायोग आहे,” आणि माइक चालू असूनही आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला नाही. पोरं मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करत होती. मी म्हटलं, “या ताऱ्याला जोडीदार नाही. कधीच नव्हता. ही निरीक्षणं कामतघरला माझ्या गच्चीवर झालीत, चूक मी केली होती, आणि सरांनी माझी चूक चोरून आपल्या नावावर छापली. त्याबद्दल मी सरांची मनापासून आभारी आहे. धन्यवाद.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मृणाली मॅडम डोक्याला हात लावून बसल्या होत्या. मी खाली आले तर आईने माझा हात धरला.

“म्हंजी आपला तारा एकलाच?”

“हो आई.”

“मंग तुजा बाबा एवरं करून गेला, त्याचा काय?”

तिने जरीचा पदर तोंडाला लावला. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगून टाकते: मला वाटलं, गप्प बसायला हवं होतं. हे एवढं एकदाच वाटलं.

कारण मग जीवन गेटपाशी दिसला. गाडी आली नव्हती, म्हणून उभा होता. येणारी-जाणारी पोरं त्याच्याकडे बघून ‘शुक्रवार, शुक्रवार’ करत होती. मी समोर जाऊन उभी राहिले. मला ते तोंड जवळून बघायचं होतं.

तो म्हणाला, “तुझं नाव घालत होतो मी. आता तुलाही काही मिळणार नाही. स्वतःच्या हाताने स्वतःचं घर जाळलंस, करिष्मा.”

“जाळलं, सर,” मी म्हटलं. “आत तुम्ही होतात ना.”